त्याच्या वतीने

कामावरचा लष्करी कुत्रा सहसा लंगडत नाही. त्याचा पाय दुखतो, पण दुखणं दाखवायला त्याला सवड नसते. घरचा कुत्रा काटा रुतला की पंजा उचलून आपल्यापुढे येऊन उभा राहतो, कण्हतो, लाड करून घेतो. स्फोटकं शोधणारा लॅब्रेडॉर किंवा हल्ल्यासाठी तयार केलेला बेल्जियन मॅलिनॉ तुटलेल्या नखातून रक्ताचे ठिपके उमटवत पुढच्या खोलीत शिरतो, कारण त्या खोलीनंतर चेंडू मिळणार असतो. आपणच त्याला तसा निवडलेला असतो. थकवा, आवाज, टोचणं सगळं विसरून जे पिल्लू चेंडूमागे जातं तेच ठेवून घ्यायचं, पुढे त्याचीच पैदास करायची, ही रीत. मग तेच पिल्लू मोठं होऊन माझ्या टेबलावर येतं, तेव्हा ज्या गुणासाठी त्याची निवड झाली तोच गुण त्याचा आजार माझ्यापासून झाकून ठेवतो.

मी शिकलो परळच्या बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेजात. १८८६ पासून तिथे पशुवैद्य घडत आले आहेत. आमच्या वेळी मुलांच्या डोक्यात गाय-म्हैस असायची, फार तर महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचा घोडा. लष्कराची रिमाउंट अँड व्हेटरिनरी कोअर, म्हणजे आरव्हीसी, मला एका सीनियरमुळे कळली. कोअर जुनी, तिची मुळं थेट १७७९ पर्यंत जातात, आणि तिचा जीव आधी घोड्या-खेचरांत. कुत्र्यांचं प्रशिक्षण मेरठला सुरू झालं ते १९६० साली. माझी उमेदीची वर्षं मेरठला आणि जम्मू, काश्मीर, राजस्थान अशा पोस्टिंगांत गेली. खेचरांवर माझा फार जीव होता आणि आहे, पण या कामाचा खरा अर्थ मला कुत्र्यांनी शिकवला.

अर्थात मधे हँडलर होता म्हणून. कुत्रा आणि त्याचा हँडलर यांना वेगवेगळं तपासता येत नाही. सकाळी ब्रश फिरवताना हँडलरचा हात रोज त्याच अंगावरून जातो. कालपर्यंत नसलेली गाठ, आज नकोसा झालेला स्पर्श, कानाच्या मुळाशी चिकटलेली गोचीड, हे आधी त्या हाताला कळतं. माझ्याकडचा एक्स-रे त्यानंतर. लॅन्स नाईक पदावरचा मुलगा दवाखान्याच्या दारात उभा राहून सांगतो, "साहेब, कालपासून आम्हांला जुलाब होतायत." त्याला स्वतःला काही झालेलं नसतं. नवीन आलेल्या तरुण डॉक्टरांना मी एक गोष्ट आवर्जून सांगायचो: आधी हँडलरचं पूर्ण ऐकून घ्या, मग स्टेथोस्कोप लावा. पदाने तो तुमच्यापेक्षा कितीही खाली असो, या एका प्राण्यापुरता तो तुमच्यापेक्षा जास्त जाणतो.

एकदा संध्याकाळी कोल्हापूरकडचा एक जवान त्याच्या लॅब्रेडॉरला घेऊन आला. कुत्रा सात वर्षांचा, अंगाने भरलेला, शेपटी हलवत आत आला. खाणंपिणं ठीक, ताप नाही, चाल सरळ.

"काय झालं?"

"काय नाही साहेब. आज गाडीत चढताना जरा थांबला."

"उडी मारली नाही?"

"मारली की. पण थांबून मारली. हा कधी थांबत नाही."

एवढंच. मी त्याचे मागचे पंजे उलटून पाहिले. मधल्या दोन नखांचा वरचा भाग घासून गुळगुळीत झालेला होता, म्हणजे पाऊल टाकताना पंजा पुरता उचलला जात नव्हता, नखं रस्त्याला घासत होती. पंजा मुडपून जमिनीवर उलटा ठेवला, तर निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो. याने क्षणभर उशीर लावला. मग मुसकं बांधायला सांगितलं. जवानाला ते आवडलं नाही, तरी बांधलं. कमरेच्या शेवटच्या मणक्यावर, जिथे पाठ संपून त्रिकास्थी सुरू होते, तिथे अंगठ्याने दाबलं आणि हळूच शेपटी वर उचलली. कुत्रा ओरडला नाही. त्याने फक्त मान वळवून हँडलरकडे पाहिलं आणि मागचं अंग जमिनीकडे नेलं. मज्जारज्जूच्या शेपटाकडच्या नसांवर दाब येत होता. मोठ्या अंगाच्या, वर्षानुवर्षं उड्या मारणाऱ्या कुत्र्यांत हे दुखणं आम्ही वरचेवर पाहतो.

पहाटे रोड ओपनिंग पार्टी निघणार होती. ताफा जायच्या आधी रस्ता तपासायचा, पुढे कुत्रा, मागे हँडलर, त्यांच्यामागे सगळे. युनिटमध्ये दुसरा कुत्रा तापाने आडवा होता. कमांडिंग ऑफिसरचा फोन आला. माणूस चांगला, चिडला नाही, प्रश्न एकच विचारला: "डॉक्टर, उद्याच्या दिवसापुरता चालेल का?"

चालला असता. हीच तर अडचण आहे. कुत्रा चालला असता, शेपटी हलवत गेला असता, कदाचित सगळा रस्ता नीट हुंगलाही असता. पण दुखणारा कुत्रा बसायला कचरतो, आणि स्फोटकाचा वास लागला की बसणं हीच त्याची खूण असते. ती खूण अर्धवट झाली, हँडलरच्या नजरेतून निसटली, तर पुढच्या पावलाला काय होईल ते सांगायला नको. मी 'अनफिट' लिहिलं आणि सही केली. शेजारच्या युनिटमधून कुत्रा मागवला गेला, पार्टी दोन तास उशिरा निघाली, त्या उशिराबद्दल वर विचारणा झाली. रस्त्यावर त्या दिवशी काहीच सापडलं नाही.

काहीच सापडलं नाही, त्यामुळे माझा निर्णय बरोबर होता की नाही हे कधीच सिद्ध झालं नाही. माझ्या पेशातला नकार बहुतेक वेळा असाच असतो. औषधाचा गुण दिसतो, शस्त्रक्रियेचे टाके दिसतात. थांबवलेल्या कुत्र्यामुळे काय टळलं ते दिसत नाही. तो मागे राहिलेला लॅब्रेडॉर मात्र त्या पहाटे साखळीला हिसके देऊन इतका ओरडला की सगळं केनेल जागं झालं. त्याला जायचं होतं. मेडिकल कॅटेगरी, ताफ्याची वेळ, कमरेचा मणका यातलं त्याला काही ठाऊक नाही. पट्टा चढला की जायचं एवढं ठाऊक. सैनिक 'जमत नाही' म्हणू शकतो, निदान दुखतंय एवढं तरी सांगू शकतो. कुत्र्याला ते येत नाही, आणि येऊ नये म्हणूनच आपण त्याला घडवलेलं आहे. तेव्हा त्याच्या वतीने नाही म्हणणारा एक माणूस व्यवस्थेत असलाच पाहिजे. सीनियर पशुवैद्य म्हणून माझं काम काय, असं कोणी विचारलं तर लस, जंत, जखमा हे सगळं नंतर येतं. आधी हे.

उन्हाळ्यात हा नकार मिनिटांवर येतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम नाही. पंजाच्या गाद्यांना थोडा ओलावा येतो, बाकी सारी भिस्त धापेवर. आणि धाप लागली की नाक मंदावतं, कारण हुंगणं हा वेगळा श्वास आहे, सेकंदाला साधारण पाच छोटे छोटे झटके; तोंड उघडून धापा टाकणाऱ्याला तो जमत नाही. म्हणजे तापलेला कुत्रा स्वतः धोक्यात असतो आणि मागच्या माणसांनाही धोक्यात घालतो. जम्मूच्या मैदानी भागात जुलैच्या दमट हवेत शेतं तपासून आलेला एक मॅलिनॉ मला आठवतो. थर्मामीटर १०७ वर. जीभ फावड्यासारखी रुंद होऊन बाहेर लोंबत होती, डोळे चमकत होते, आणि नजर हँडलरच्या खिशातल्या चेंडूवर. कसरतीला सरावलेल्या कुत्र्याचा पारा कामानंतर इतका चढूनही तो शुद्धीत असू शकतो. म्हणूनच पाहणारा फसतो. ताप चढत राहिला तर तासाभरात आतडी, मूत्रपिंडं, रक्त गोठण्याची यंत्रणा सगळं एकामागून एक कोसळतं.

आमच्याकडे जवानांना पाठ करवलेला नियम आहे: आधी गार करा, मग गाडीत घाला. दवाखान्याकडे पळवत आणण्यात मोलाची मिनिटं जातात. जवळ असेल ते पाणी पोटावर, जांघांत, काखेत, पंजांवर ओतायचं, वारा घालायचा. त्याला ओल्या पोत्यात गुंडाळायचं नाही. पोतं तापतं आणि उष्णता आतच कोंडते. पारा १०३.५ च्या आसपास आला की पाणी थांबवायचं, नाहीतर शरीर उलट्या बाजूला घसरत जातं. त्या दिवशी ट्यूबवेल जवळ होती म्हणून निभावलं. मी हिरडीवर बोट दाबून धरलं, सोडलं. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला. गुलाबी हिरडीइतका सुंदर रंग मी जगात पाहिलेला नाही.

गोचिडांच्या तापात हाच रंग नाहीसा होतो. बबेसिया तांबड्या पेशी फोडत जातो, हिरड्या आधी फिकट, मग कागदासारख्या पांढऱ्या होतात, लघवी काळपट तांबडी. अशा कुत्र्याला रक्त लागतं. कुत्र्यांमध्ये पहिल्या खेपेला दुसऱ्याचं रक्त बहुधा सोसतं, कारण माणसासारखी जन्मजात प्रतिपिंडं त्यांच्यात सहसा नसतात. पुढच्या खेपेला जुळवून पाहावंच लागतं. अशा वेळी युनिटमधला एखादा धष्टपुष्ट कुत्रा दाता होतो. त्याला आडवा धरून मानेच्या शिरेतून साडेचारशे मिलिलीटर काढायचं. दात्याच्या हँडलरचा चेहरा त्या वेळी आजारी कुत्र्याच्या हँडलरपेक्षा उतरलेला असतो. दोन जवान, दोन कुत्री, मधे एक पिशवी, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. नंतर दात्याला उकडलेली अंडी मिळतात. ती मी स्वतः भरवायचो.

औषध लिहितानाही विचार वेगळा करावा लागतो. जुलाबावर मेट्रोनिडाझोल हे सर्रास दिलं जाणारं औषध. २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यांना हे औषध दिलं, तर त्यांतल्या निम्म्या कुत्र्यांची काही वास ओळखण्याची क्षमता घटली. औषध थांबल्यावर ती परत आली. पोट बरं होतं, कुत्रा उड्या मारतो, हँडलर खूश, आणि नाक मात्र निकामी. मालकाच्या घरातल्या कुत्र्याच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. इथे 'बरा झाला' आणि 'कामावर पाठव' यांच्यामधे काही दिवसांची भिंत उभी करावी लागते. मुधोळसारख्या सडपातळ जातीची गोष्ट आणखी निराळी. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला, सांगली-सोलापूरकडे कारवानी म्हणून ओळखला जाणारा हा शिकारी कुत्रा लष्कराने मेरठला आणला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. लहानपणी मेंढपाळांबरोबर पाहिलेली ती लांब चेहऱ्याची जात. पण अंगावर चरबी नसलेल्या अशा धावऱ्या कुत्र्यांना थायोपेंटोनसारख्या जुन्या भुलीतून बाहेर यायला फार वेळ लागतो. लॅब्रेडॉरचा हिशेब त्यांना लावून चालत नाही.

लोक मला झूम या लष्करी कुत्र्याबद्दल विचारतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनाग जिल्ह्यात अतिरेकी लपलेल्या घरात तो आत शिरला, दोन गोळ्या लागल्या, तरी त्याने झुंज सोडली नाही. श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि १३ ऑक्टोबरला तो गेला. दोन वर्षांचा होता. त्याच वर्षी जुलैत बारामुल्लात ॲक्सेल, पुढच्या वर्षी राजौरीत केंट, २०२४ मध्ये अखनूरला फँटम. त्यांच्यातल्या काहींची नावं सैनिकांच्या बरोबरीने सन्मानाच्या यादीत आली, त्यांच्यावर पुष्पचक्रं वाहिली गेली. मी त्या टेबलांपाशी नव्हतो, पण तसलं टेबल मला ठाऊक आहे. पोटात गोळी, मांडीचं हाड फुटलेलं, आणि बाहेर उभा असलेला हँडलर काचेला कपाळ टेकून.

या सन्मानाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या कुत्र्यांमुळे वाचलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्या आयांनी केनेलमध्ये येऊन कुत्र्याला ओवाळलेलं पाहिलं आहे. तरी बलिदानाची भाषणं ऐकताना एक गोष्ट मनातून जात नाही. ते शौर्य खरं, पण संमती आपली होती. झूमने नोकरीचा अर्ज भरला नव्हता. आपण त्याला आत पाठवलं, कारण त्याच्याऐवजी माणूस गेला असता. मी असतो तर मीही पाठवलं असतं. हा सौदा मला मान्य आहे, पण तो सौदा आहे आणि त्यातली दुसरी बाजू अजून फेडायची आहे, एवढं भान राहिलं पाहिजे. फुलं वाहून ती फिटत नाही. ती फिटते जिवंतांसाठी केलेल्या कामातून: केनेलमध्ये कूलर चालतो का, गाडीत रॅम्प आहे का, दर सहा महिन्यांनी सुळे तपासले जातात का, थकलेल्या कुत्र्याला थांबवणाऱ्या डॉक्टरचं ऐकलं जातं का.

सियाचीनमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम पोस्टवर हिमकडा कोसळला. १९,००० फुटांहून अधिक उंचीवर, कित्येक फूट बर्फाखालून लॅन्स नाईक हनुमंतप्पा सहाव्या दिवशी जिवंत सापडले. त्या शोधात डॉट आणि मिशा ही दोन कुत्री होती. त्या उंचीवर माणसाला बुटाची नाडी बांधतानाही धाप लागते. कुत्रा तिथे उघड्या पंजांनी चालतो, बोटांच्या फटींत बर्फाचे गोळे साचतात, गाद्या फुटतात. त्याला थोडा वेळ काम, थोडा वेळ ऊब असं आलटूनपालटून द्यावं लागतं, आणि ऊब घ्यायला तो स्वतःहून येत नाही. बोलवावं लागतं, कधी ओढून आणावं लागतं.

मनाला झालेली जखमही त्यांना लपवता येते, काही काळ. अमेरिकेच्या लॅकलँड तळावर डॉ. वॉल्टर बर्गहार्ट यांनी इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या कुत्र्यांमध्ये हे दुखणं ओळखलं आणि त्याला सैनिकांच्या आजाराचंच नाव दिलं. आमच्याकडे त्याआधीही जुन्या हँडलरना ते माहीत होतं. 'साहेब, ह्याचं मन उडालंय,' असं ते सांगत. गोळीबारात न हललेला कुत्रा एके दिवशी जेवणाच्या भांड्याच्या आवाजाने बाकाखाली जाऊन बसतो. औषधं आहेत, हळूहळू आवाजाची सवय करून देणं आहे. काही परत उभे राहतात. जे राहत नाहीत त्यांना कामावरून उतरवणं हाच उपचार.

उतरवल्यावर पुढे काय, हा प्रश्न आमच्या पेशाच्या अंगावर बरीच वर्षं होता. निकामी ठरलेल्या कुत्र्यांना झोपवलं जाई. २०१५ मध्ये माहिती अधिकारातून हे लोकांपुढे आलं, संताप उसळला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि रीत बदलली. अमेरिकेत हाच बदल २००० सालच्या कायद्याने झाला. त्याआधी व्हिएतनाममध्ये गेलेल्या सुमारे चार हजार कुत्र्यांपैकी दोनशेच्या आसपासच परतली होती. मी यावर मोघम बोलणार नाही. ज्याच्या वतीने आपण आयुष्यभर हो म्हटलं, त्याच्या म्हातारपणाला नाही म्हणणं चुकीचं होतं. असह्य वेदनेतून सोडवणारं इंजेक्शन मी दिलं आहे आणि गरज पडली तर उद्याही देईन; ते दयेचं काम आहे. काम संपलं म्हणून देणं वेगळं.

आता निवृत्त कुत्री दत्तक दिली जातात, आणि या कामात मी नोकरी संपल्यावरही गुंतलेला आहे. पुण्याचं एक कुटुंब मेरठला येऊन स्फोटकं शोधणारा एक म्हातारा लॅब्रेडॉर घेऊन गेलं. घरी आजोबा, दोन मुलं. मी त्यांना बसवून सगळं सांगितलं. फरशीवर जाजम घाला, गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय घसरतील. जिने नकोत. वजन वाढू देऊ नका, त्याच्या सांध्यांना तेवढंच खरं औषध आहे. तो दुखतंय म्हणून सांगणार नाही, तेव्हा उठायला उशीर लागतो का, गाडीपाशी थांबतो का, हे तुम्ही बघा. रोज थोडा वेळ काहीतरी लपवून त्याला शोधू द्या, नाहीतर कंटाळून झुरेल.

दिवाळीत आजोबांचा फोन आला. आवाजात काळजी. "डॉक्टरसाहेब, हा तासभर झाला कपाटासमोर बसून आहे. बोलावलं तर येत नाही, खायला दिलं तर बघत नाही. कंबर थरथरतेय, पण उठत नाही."

"कपाटात काय आहे?"

पलीकडे कोणीतरी दार उघडल्याचा आवाज झाला. "फटाके. मुलांचे फटाके आहेत."

"मग त्याचं बरोबर आहे. त्याला शाबासकी द्या, चेंडू द्या, मोठ्याने कौतुक करा. फटाक्यांचा खोका घराबाहेर न्या. आणि आज संध्याकाळची गोळी जेवणाआधी नको, जेवणानंतर द्या."